बीडीक्यू ते बीओएम: ३६१ किलोमीटर

बडोद्याजवळच्या नंदेसरीतल्या एका केमिकल कारखान्याच्या अ‍ॅडमिनमध्ये मी आहे आणि ट्रॅव्हल डेस्क माझ्याकडे आहे. म्हणजे साहेबांची तिकिटं, हॉटेलं, गाड्या, मशीन दुरुस्तीला बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरांची ने-आण, आणि महिनाअखेरीला या सगळ्याची बिलं. माझ्या टेबलाशी येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो. गुजराती असेल तर "बेन, केटलो टाइम लागशे?" आणि मराठी असेल तर "ताई, पोचायला किती वाजतील?" किती लांब आहे, हे कोणी विचारत नाही. मुंबई किती लांब हे बडोद्याच्या माणसाला काय सांगायचं! आमच्या दांडिया बाजारातल्या घरात मुंबई म्हणजे रात्री गुजरात मेलमध्ये झोपायचं आणि पहाटे बोरिवलीला आवराआवर करायची, इतकी लांब होती. आजीनं ती किलोमीटरमध्ये कधी मोजली नाही.

अंतर माझ्या टेबलावर आलं ते एक्सेलमधून. युरोपातल्या गिऱ्हाइकांनी माल घेण्याआधी पर्यावरणाबद्दलच्या प्रश्नावल्या पाठवायला सुरुवात केली होती. सेबीनं २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. तेव्हापासून ज्या कंपन्या लिस्टेड नाहीत त्यांच्याकडेही, मोठ्यांना माल देतात म्हणून, तेच प्रश्न झिरपत आले. कारखान्याचा धूर, सांडपाणी, वीज हे सगळं एन्व्हायर्नमेंटवाले बघतात. पण त्या हिशोबात 'बिझनेस ट्रॅव्हल' असाही एक कप्पा आहे: तुमची माणसं कामासाठी विमानानं किती किलोमीटर फिरली? हा कप्पा साहजिकच माझ्याकडे सरकवला गेला. शीटमध्ये कॉलम चार: कुठून, कुठे, माणसं किती, किलोमीटर किती. विमानतळांची नावं तीन अक्षरांत लिहायची. बडोदा बीडीक्यू, मुंबई बीओएम, दिल्ली डीईएल. शहर कागदोपत्री वडोदरा होऊन किती वर्षं झाली, पण तिकिटावर अजून बीच आहे, आणि मला त्याचं मनातून बरं वाटतं.

पहिल्याच वर्षी ऑडिटर अडला तो बडोदा-मुंबईवर. मी ३६१ लिहिले होते, त्याच्याकडे ३६३ होते. दोन किलोमीटर! ज्या कारखान्यात टँकरच्या वजनात दोन किलो इकडेतिकडे झाले तर कोणी मान वर करत नाही, तिथे दोन किलोमीटरसाठी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. पण माणूस भला होता, उत्सुक होता, आणि मलाही ते एकदा नीट समजून घ्यायचंच होतं.

गंमत अशी आहे की दोन्ही आकडे बरोबर होते. हरणीचं, म्हणजे बडोद्याचं, विमानतळ साधारण २२.३४ अक्षांशावर आणि ७३.२३ रेखांशावर आहे, मुंबईचं १९.०९ आणि ७२.८७ वर. म्हणजे मुंबई आमच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे कललेली. दोन बिंदूंमधलं पृथ्वीच्या पाठीवरचं सगळ्यात जवळचं अंतर काढायचं सूत्र एक्सेलमध्ये बसतं, त्याला फक्त पृथ्वीची त्रिज्या द्यावी लागते. पृथ्वी अगदी गोल धरली आणि त्रिज्या ६३७१ किलोमीटर दिली की ३६३ येतात. पण पृथ्वी ध्रुवांकडे चपटी आहे. विषुववृत्तावर त्रिज्या ६३७८, ध्रुवाशी ६३५७. त्यामुळे आपल्या भागात उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे १११.२ नव्हे, ११०.७ किलोमीटर भरतो. सव्वातीन अंश खाली जायचं, दर अंशाला अर्धा किलोमीटर कमी. गेले दीड-दोन किलोमीटर. वैमानिकांचं गणित त्याहून सोपं. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. सव्वातीन अंशांच्या कला होतात १९५, आणि बडोदा-मुंबई हवाई अंतरही १९५ सागरी मैलच भरतं. एवढं सुबक उत्तर मला शाळेत भूगोलाच्या पेपरात कधी आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी सगळी अंतरं स्वतः काढायला लागले. काही गोष्टी नकाशा समोर असूनही लक्षात आलेल्या नव्हत्या. बडोद्याहून दिल्ली ७९३ किलोमीटर आणि हैदराबाद ७८५. म्हणजे आम्ही दोघांच्या जवळजवळ मधे बसलोय. तरी कारखान्यात कोणालाही विचारा, दिल्ली जवळची आणि हैदराबाद लांबचं. राजधानी रात्रीतून दिल्लीला नेते, हैदराबादला गाडीनं जायचं तर दिवस मोडतो, त्यातून हा समज झाला असावा. पुणे ४२२, बेंगळुरू १११७. इंदूर फक्त २६८, आणि तिथे विमानानं जायचं तर मुंबई किंवा दिल्लीला वळसा घालायला निघतात लोक. त्यांना मी हात जोडून दाहोदच्या रस्त्याची गाडी करून देते.

आता या अंतरात आणखी एक घोळ आहे. विमान काही दोरी ताणल्यासारखं सरळ जात नाही. ठरलेल्या हवाई मार्गांनी जातं, चढताना-उतरताना वळसे घेतं, कधी घिरट्या घालतं. म्हणून हिशोब ठेवणाऱ्या संस्था सरळ अंतरात काहीतरी भर घालतात, आणि प्रत्येकाची भर वेगळी. आयकाओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची विमान वाहतुकीची संघटना, ५५० किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ५० किलोमीटर वाढवते, त्यापुढे ५५०० पर्यंत १००, आणि त्याहून लांब असेल तर १२५. युरोपचे कार्बन बाजाराचे नियम सरसकट ९५ वाढवतात. ब्रिटिश सरकारच्या कोष्टकात ८ टक्के वाढ आधीच धरलेली असते, तिथे आपण वरून आणखी घालायची नाही, नाहीतर दोनदा मोजलं जातं. ३६१ ला ८ टक्के वाढवले तर ३९० होतात. वडोदरा जंक्शन ते मुंबई सेंट्रल हे रेल्वेचं अंतर ३९२ आहे. निव्वळ योगायोग, पण मी तो ऑडिटरला दाखवला आणि तोही हसला.

अंतराचं भांडण मिटलं की उरतो वेळ, आणि माझी रोजची भाकरी वेळेवर आहे.

पूर्ण उंचीवर एअरबस किंवा बोइंग ताशी ८४० किलोमीटरच्या आसपास जातं. त्या हिशोबानं बडोदा-मुंबई सव्वीस मिनिटांचं काम आहे. तिकिटावर मात्र सव्वा तास छापलेला असतो. आमचे एक तरुण इंजिनिअर, गणितात पक्के, मला म्हणाले, "ताई, ही एअरलाइनची लबाडी आहे, उशीर झाला तरी वेळेवर पोचलो म्हणायला मोकळे." थोडं तसं आहेही. पण सगळं नाही. तिकिटावरचा वेळ चाकांखालचे ठोकळे निघाल्यापासून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा असतो. त्यात विमान मागे ढकलणं आलं, धावपट्टीच्या टोकापर्यंत रखडणं आलं, पूर्ण वेग मिळायच्या आत पुन्हा उतरणीला लागणं आलं. इतक्या छोट्या पल्ल्यात ८४० चा वेग हातात किती मिनिटं राहतो? वर पोचलं की लगेच खाली.

आमच्या हरणीच्या धावपट्टीचंच घ्या. तिची एक दिशा नैर्ऋत्येकडे, दुसरी ईशान्येकडे, वैमानिक त्यांना बावीस आणि चार म्हणतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून असतो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं उतरतं, म्हणजे त्याला ईशान्येकडून आत यायला लागतं. पण मुंबईहून येणारं विमान तर दक्षिणेकडून येतंय. मग ते शहर ओलांडून पुढे जातं, हालोलच्या बाजूला वळतं आणि पाठ फिरवून उतरतं. हिवाळ्यात वारा उलटा असला की तेच विमान सरळ आत शिरतं आणि पाच-सात मिनिटं वाचतात. मी विमानात जेमतेम कधी बसते. पण गाडी पाठवायची कधी, हे ठरवताना मला वाऱ्याची दिशा लागते, असं सांगितलं तर आमच्या नव्या ड्रायव्हरांना थट्टा वाटते.

मुंबईचं दुखणं वेगळं. तिथे धावपट्ट्या दोन आहेत, पण एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांपैकी एक, आणि चालतं जवळजवळ एका पट्टीवर. मग विमान वर थांबवून ठेवतात. बहुतेक वेळा उतरायचं ते पूर्वेकडून. म्हणजे उत्तरेकडून आलेलं आमचं विमान मुंबईच्या पलीकडे जाऊन, ठाण्याची खाडी ओलांडून घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्यांवरून आत येतं. पावसाळ्याआधी, बहुधा मे महिन्यात, धावपट्ट्यांच्या डागडुजीसाठी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच विमानतळ बंद ठेवतात. ती तारीख आधी जाहीर होते, आणि दरवर्षी आमचा कोणीतरी साहेब नेमक्या त्याच दिवशी दुपारचं विमान मागतो.

पण हे सगळं विमानाचं झालं. नंदेसरीच्या माणसाचा प्रवास हरणीला सुरूही होत नाही आणि संपतही नाही. याची खरी उजळणी झाली ती एका शटडाऊनमध्ये.

आमच्या एका रिअ‍ॅक्टरच्या अ‍ॅजिटेटरचा गिअरबॉक्स बसला होता. त्याला दोन ठिकाणची माणसं लागणार होती: गिअरबॉक्सवाल्यांचा इंजिनिअर बेंगळुरूच्या पीण्या भागातून, आणि मेकॅनिकल सीलवाल्यांचा चिंचवडहून. शटडाऊनमध्ये तासाला किती पैसे जातात ते प्रॉडक्शनवाले येताजाता ऐकवतात, म्हणून मला सूचना होती की दोघंही विमानानं, खर्चाकडे बघू नका. बेंगळुरूच्या माणसाचं सकाळचं थेट विमानाचं तिकीट काढलं. पुण्याचं त्या दिवशी सोयीचं विमान नव्हतं. चिंचवडचा माणूस फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही त्रास घेऊ नका, मी रात्रीच्या स्लीपरनं येतो."

बेंगळुरूचा इंजिनिअर पहाटे तीनला घरून निघाला. पीण्याहून देवनहळ्ळीचं विमानतळ शहराच्या दुसऱ्या टोकाच्याही पलीकडे. त्याच्याकडे हत्यारांची पेटी होती: पाने, डायल गेज, बेअरिंग काढायचा पुलर. असलं काही केबिनमध्ये चालत नाही, म्हणून ती सामानात टाकायची आणि उतरल्यावर पट्ट्याशी उभं राहायचं. हरणीला विमान वेळेवर उतरलं, नऊच्या सुमाराला. पेटी यायला पंचवीस मिनिटं. मग गोल्डन चोकडी, दुमाड चोकडी, आणि हायवेवरून नंदेसरी. वीसेक किलोमीटरचाच रस्ता आहे, पण दुमाडला पुलाखाली ट्रेलर आडवा पडला की त्या वीसाचे चाळीस होतात. तो पडला होता.

साडेदहाला तो आमच्या गेटवर आला. आता बाहेरच्या माणसाला वाटतं, आलं ठिकाण. केमिकल कारखान्याच्या गेटवरून आत जाणं हा स्वतंत्र प्रवास आहे. ओळखपत्र, फोटो, गेटपास. मोबाईल जमा करायचा, कारण आत ज्वालाग्राही वाफा असू शकतात आणि साधा फोन चालत नाही. पेटीतलं एकेक हत्यार रजिस्टरमध्ये चढवायचं, नाहीतर संध्याकाळी बाहेर नेता येत नाही. मग सेफ्टीची फिल्म बघायची, त्यावरचे प्रश्न सोडवायचे: भोंगा झाला तर कुठे जमायचं, वाऱ्याची पिशवी कुठल्या दिशेला फुगलीय ते बघून कुठल्या बाजूला पळायचं. हेल्मेट, बूट, चष्मा. त्याचे स्वतःचे सेफ्टी शूज बेंगळुरूलाच राहिले होते आणि स्टोअरमध्ये त्याच्या मापाचे नव्हते. ते येईपर्यंत पाऊण तास. पुढे वर्क परमिट: रिअ‍ॅक्टर रिकामा आहे, धुतलाय, नायट्रोजन मारलाय, मोटरची वीज तोडून कुलूप घातलंय, प्रत्येक ओळीवर एकेकाची सही. त्यातले एक सहीवाले जेवायला गेलेले. त्याचा हात गिअरबॉक्सच्या पहिल्या बोल्टला लागला तेव्हा पावणेदोन वाजले होते. १११७ किलोमीटर, विमानात सव्वादोन तास, घरापासून बोल्टपर्यंत पावणेअकरा तास.

गेटवरचं यातलं काहीही मी वगळा म्हणणार नाही, हे आधीच सांगते. नंदेसरीत राहून सेफ्टीच्या फिल्मला वेळेचा अपव्यय म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण तो वेळ आहे, हे मोजणाऱ्याला माहीत हवं.

चिंचवडचा माणूस पहाटे सव्वासहाला गोल्डन चोकडीवर बसमधून उतरला, टपरीवर चहा घेतला, शेव-उसळ खाल्ली, आणि सातच्या शिफ्टच्या बसमधून आमच्या कामगारांबरोबर गेटवर हजर झाला. सगळे सोपस्कार उरकून साडेनवाला तो सील उघडून बसला होता. प्रॉडक्शनचे साहेब भलतेच खूश. "बघा, बस विमानाच्या पुढे पोचली," असं दिवसभर सगळ्यांना सांगत फिरत होते, आणि पुढच्या वेळी सगळ्यांना बसनंच बोलवा, अशी एक मेलही त्यांनी टाकली.

दुपारी तीनला मी कागदांवर सही घ्यायला प्लांटमध्ये गेले. चिंचवडचा माणूस रिअ‍ॅक्टरच्या मजल्यावर खांबाला टेकून बसला होता, हेल्मेट मांडीवर, डोळे मिटलेले. अकरा तास स्लीपरमध्ये, त्यात घाटातली वळणं, ढाब्यावरचा रात्री एकचा थांबा. झोप कसली लागते? तिथल्या कोणीतरी त्याला हलवून उठवलं आणि तो खजील होऊन म्हणाला, "डोळा लागला, ताई." मी त्याला कँटीनमध्ये पाठवलं. सीलचे दोन काचेसारखे घासलेले पृष्ठभाग एकमेकांवर बसवायचे असतात, त्यांच्यावर बोटाचा तेलकट ठसाही चालत नाही. ते काम झोपेतल्या हातांनी करायचं नसतं. साहेबांच्या मेलला मी हे उत्तर लिहिलं, सगळ्यांना कॉपी करून.

मुंबईच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे: गाडी. वंदे भारत ३० सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली तेव्हापासून तर वादच नको. चारएक तासांत मुंबई सेंट्रल, मधे बोरिवलीला उतरता येतं, लॅपटॉप उघडून बसता येतं, हत्यारांची पेटी पायाशी. विमानाला सव्वा तास, पण त्याआधी दीड तास हरणीला, नंदेसरीहून तिथे पाऊण तास, आणि मुंबईत उतरून टॅक्सीत बसेपर्यंत अर्धा-पाऊण. चाराला चार. एकच दुःख: याच गाड्या आमच्या नंदेसरी स्टेशनातून शिट्टी मारत धडधडत जातात आणि थांबत नाहीत. इथे फक्त मेमू थांबते. म्हणून मुंबईच्या माणसाला डोळ्यांसमोरून गेलेली गाडी पकडायला आधी पंधराएक किलोमीटर बडोद्याला जावं लागतं.

तरी साहेब लोक विमान मागतात. कारण ग्रेड. आमच्याकडे अमुक ग्रेडपासून वर विमान चालतं. त्या ग्रेडला नुकता चढलेला माणूस गाडीनं जा म्हटलं की असा बघतो, जणू त्याची पायरी मी खाली उतरवली. एकानं मला सरळ सांगितलं, "बेन, वेळेचा प्रश्न नाही, पॉलिसीत आहे ना?" आहे. मी तिकीट काढते. शीटमध्ये ३६१ पडतात.

एके काळी मुंबईला विमान खरोखर वेळेसाठीच यायचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून सकाळी ६.३५ ला पुस मॉथ विमान उडवलं, अहमदाबादला थांबले आणि दुपारी १.५० ला मुंबईत जुहूला उतरले. सव्वासात तास, त्यात अहमदाबादचा थांबाही धरून. टपालाला सेफ्टी शूज लागत नाहीत, ही त्यातली मोठी सोय.

आमच्या मालाला ती सोय नाही. नवे सेल्सवाले एखादी चूक हमखास करायला निघतात: गिऱ्हाइकाला दाखवायला अर्ध्या लिटरची सॅम्पल बाटली बॅगेत टाकून विमानात. अ‍ॅनिलीन असेल तर त्याचा यूएन नंबर १५४७, नायट्रोबेंझिनचा १६६२, दोन्ही विषारी वर्गातले. ते बॅगेतून नेणं गुन्हा आहे. ठरलेल्या पॅकिंगमध्ये, ठरलेल्या लेबलांसह, कागदांच्या चळतीबरोबर कार्गोनं जायचं. माणूस चार तासांत मुंबईला आणि बाटली चार दिवसांनी, असं आम्ही कितीदा बघितलंय. गिऱ्हाईक माणसाला चहा पाजतं आणि विचारतं, सॅम्पल कुठाय?

परदेशाचं तर अंतर आणि वेळ यांचं नातंच तुटलेलं असतं. मुंबई-फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटरच्या वर. जाताना समोरून पश्चिमेचा वारा, येताना पाठीशी, त्यामुळे जाताना तासभर जास्त. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानचं आकाश जुलैपर्यंत बंद होतं, आणि एप्रिल २०२५ पासून ते आपल्या कंपन्यांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणारी आपली विमानं मग गुजरातवरून खाली अरबी समुद्रावर येऊन वळायला लागली. दिल्लीहून युरोपला गेलेल्या आमच्या एका मॅनेजरांचा प्रवास त्या वर्षी बराच लांबला, इंधन जास्त जळालं, धूर जास्त झाला. माझ्या शीटमध्ये काय बदललं? काहीच नाही. दोन विमानतळ जिथल्या तिथे आहेत, अंतर तेच. ऑडिटरला विचारलं तर म्हणाला, पद्धत हीच आहे. पद्धत चालवायला मी बसलेय, पण धूर मोजायच्या शीटमध्ये वळसा मोजला जात नाही, हे मला पटलेलं नाही, आणि शेरे लिहायच्या रकान्यात मी ते दरवर्षी लिहिते.

नवी मुंबईचं विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये चालू झालं. बडोद्याहून सरळ रेषेत ३७१, म्हणजे जुन्या मुंबईपेक्षा दहा किलोमीटर लांब. पण आमच्या धंद्यातली निम्मी कामं तळोजा आणि पाताळगंगेत असतात. तिथे जाणाऱ्याला हे दहा किलोमीटर लांबचं विमानतळ दीड तास जवळ पडेल. कार्बनच्या कॉलममध्ये ते तोट्याचं दिसेल.

या सगळ्यावरून कारखान्यात एक गोष्ट मात्र हलली, आणि ती एका फिटरमुळे. पादऱ्याचा माणूस, हात सोन्याचा. हैदराबादजवळ पाटणचेरूला एका पंपाच्या कामासाठी त्याला पाठवायचं होतं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास. मला विचारलं, "बेन, केटलो टाइम?" मी तिकीट बघून पावणेदोन तास सांगितले आणि मग थांबून त्याच्यासमोर सगळं लिहून काढलं: पादरा ते हरणी, विमानतळावर थांबणं, विमान, शमशाबादहून पाटणचेरूपर्यंत शहराला वळसा घालून चाळीस-पन्नास किलोमीटर, तिथलं गेट. येताना तेच उलटं. कागद बघून तो म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी सातची शिफ्ट?" परतीचं विमान रात्रीचं होतं. तो घरी पोचणार दीडला, आणि कंपनीची बस पादऱ्याहून निघते पावणेसहाला. हजेरीच्या नियमात प्रवास कुठेच नव्हता. विमानातला नाही, विमानतळावरचा नाही. मॅनेजर उशिरा आला तर त्याला कोणी विचारत नाही, फिटरची अर्धी रजा कापली जाते.

मी तो कागद टाइप केला आणि एचआरला दिला. तिथून तो सेफ्टीकडे गेला. तिकडचे साहेब आधी चिंचवडच्या माणसाबद्दलची माझी मेल वाचून होतेच. ते म्हणाले, चार तास झोपलेला फिटर मला पंपाच्या कपलिंगशी नको. युनियनवाल्यांनी त्यावर ओव्हरटाइमची मागणी जोडली, फायनान्सनं ती तोडली, दोन-तीन मीटिंगा नुसत्या चहाच्या झाल्या. शेवटी ठरलं ते एवढंच: रात्री अकरानंतर घरी पोचणाऱ्या कामगाराला दुसऱ्या दिवशी दुसरी शिफ्ट, रजा न कापता, आणि वेळ धरायची ती विमान उतरल्याची नाही, घरच्या दाराची. ओव्हरटाइम मिळाला नाही. तो विषय युनियननं पुढच्या करारासाठी ठेवलाय, आणि माझ्या मते ते बरोबर मागतायत.

दाराची वेळ कोणी लिहायची, यावर आता वाद चालू आहे. फायनान्सचं म्हणणं, माणूस स्वतः लिहील तर वाढवून लिहील. मी म्हटलं, ड्रायव्हर लिहील, त्याच्या लॉगबुकात किलोमीटर आणि वेळ दोन्ही असतात. त्यावर ड्रायव्हर मंडळी माझ्या टेबलाशी आली आहेत, की मग त्यांना सोडून परत आपल्या घरी पोचायची आमची वेळ कोण लिहिणार?